हाकेला वाट



या मालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू, अशी चालकांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो ‘मोबाइलची रेंज घरात कशी शिरते’ हा. लगेच चिटणिसांचा फोन आला. “विषय चुकून दुसऱ्याच वक्त्याचा तर आला नाही ना?” असे त्यांनी विचारले, आणि आम्ही उत्तर देणार तोच फोन तुटला. चिटणीस त्या वेळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटांच्या मधे उभे होते. त्या खोलीच्या भिंती जुन्या दगडी आहेत. पाच मिनिटांनी त्यांनी बाहेर ओट्यावर येऊन पुन्हा फोन केला, तेव्हा आम्ही म्हणालो, “विषय हाच. आणि त्याचा पहिला दाखला तुम्हीच दिलात.”

आता या विषयावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. आम्ही शास्त्रज्ञ नाही. आमचे शिक्षण थोडेफार शाळेत आणि पुष्कळसे कारखान्यांच्या फाटकांवर व याच वाचनालयाच्या बाकांवर झाले. पण फाटकावर एक गोष्ट शिकावयास मिळते. कामगारावर काही प्रसंग गुदरला म्हणजे त्याचे कारण मुळापासून समजावून घेतल्याशिवाय व्यवस्थापकापुढे बसता येत नाही. हा विषय आमच्याकडे असाच चालून आला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेचे एक सभासद बेदाण्याच्या शीतगृहात काम करीत. एके दिवशी दुपारी खोकी मोजावयास ते आतल्या खोलीत गेले, आणि मागे दार बंद झाले. दार आतून उघडण्याची मूठ निखळलेली होती. ती दुरुस्त करावी असे आधी दोनदा सांगून झाले होते. त्यांच्या अंगात साधा सदरा होता आणि खिशात मोबाइल होता. त्यांनी अकरा वेळा फोन लावला, एकदाही लागला नाही. पाऊण तासाने दुसरा कोणी खोकी आणावयास आला म्हणून दार उघडले. माणूस कुडकुडत होता, पण धडधाकट बाहेर आला, हे नशीब. आम्ही तक्रार घेऊन गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी शांतपणे विचारले, “मोबाइल होता ना त्यांच्या खिशात? मग कोणाला बोलावले का नाही?”

श्रोतेहो, आम्ही आयुष्यात पुष्कळ उद्धट प्रश्न ऐकले आहेत; पण हा प्रश्न उद्धट नव्हता. त्या गृहस्थांना खरोखरच वाटत होते की, मोबाइल खिशात आहे म्हणजे माणूस जगाशी जोडलेला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तसेच वाटते. म्हणून आज त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम टॉवरपासून निघू. टॉवर आणि आपला मोबाइल यांच्यामध्ये तार नसते. मधून जाते ती प्रकाशाच्याच जातीची लाट. वेगही प्रकाशाचाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. अशा लाटा असल्या पाहिजेत हे ब्रिटनमधील मॅक्सवेल यांनी १८६५ साली गणिताने मांडले, आणि त्या आहेत हे जर्मनीत कार्ल्सरूहे येथे हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखविले. ही लाट लाकडी दारातून पलीकडे जाते आणि जस्ताच्या पत्र्यावर आपटून परत फिरते, हे हर्ट्झ यांनी तेव्हाच पाहून ठेवले होते. आपल्याकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली जाहीर प्रयोग करून भिंतीआडून घंटा वाजवून आणि बारूद उडवून दाखविली. म्हणजे भिंतीपलीकडे बिनतारी हाक पोहोचविण्याची विद्या आज सव्वाशे वर्षांची झाली. आपल्या देशातला पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात बसलेल्या दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. ती पहिली हाकही एका इमारतीतून निघून दुसऱ्या इमारतीत पोहोचलेली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लाट म्हटली की तिची लांबी आली. विहिरीत खडा टाकला तर एका वळ्यापासून पुढच्या वळ्यापर्यंत जे अंतर, ती त्या लाटेची लांबी. मोबाइलच्या सगळ्या लाटा सारख्या लांबीच्या नसतात. जुन्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लाट सुमारे ३३ सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा किंचित लांब. १८०० मेगाहर्ट्झची तिच्या निम्मी. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सुरू झाले, त्यातला मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. ती लाट साधारण ९ सेंटीमीटर, चार बोटांहून थोडी अधिक. आणि त्याच वर्षी २६ हजार मेगाहर्ट्झचा जो पट्टा लिलावात विकला गेला, त्यातली लाट अवघी सव्वा सेंटीमीटरच्या आतली. हे आकडे सांगण्याचे कारण एवढेच की, लाट जितकी आखूड तितका मजकूर जास्त वाहून नेण्याची सोय होते, पण भिंत ओलांडण्याचे आणि कोपरा वळण्याचे बळ तितके कमी पडते. मोठा भाऊ कमी ओझे नेतो पण लांब जातो, धाकटा पुष्कळ ओझे उचलतो पण दारातच दमतो, असा हा प्रकार आहे.

आता जोराचा विचार करू. टॉवरवरचा एकेक अँटेना काही दहा वॅट एवढीच शक्ती बाहेर टाकतो. पूर्वी घरात जळणारा पिवळा दिवा याहून जास्त वीज खात असे. ही शक्ती पसरत जाते. मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट झाले की जोर चौथाईवर येतो, आणि घरादारांच्या गर्दीत त्याहूनही लवकर घटतो. मग आपल्या हातात काय येते? एका वॅटचे दहा लाख भाग करा, त्यांतला एक भाग घेऊन त्याचे पुन्हा दहा लाख भाग करा, त्यांतला एक. एवढ्यावर आपला मोबाइल व्यवस्थित बोलतो! मोबाइलच्या सेटिंगमध्ये शोधले तर ‘उणे ९० डीबीएम’ असा आकडा दिसतो, तो हाच. त्यात दहाने घट झाली, म्हणजे उणे १०० झाले, की जोर दहावा हिस्सा उरला. उणे ११० म्हणजे शंभरावा. उणे ११० च्या पलीकडे गाडी रडतखडत चालते. इतक्या क्षीण हाकेलाही ओ देणारी ही वस्तू आज सामान्य माणसाच्या खिशात आहे. तेव्हा फोन लागला नाही म्हणून त्याला शिव्या देण्यापूर्वी, मधे कोणी काय उभे केले आहे ते पाहिले पाहिजे.

मधे उभी असते ती भिंत. लाट भिंतीवर आली की तिचे तीन वाटे होतात. काही भाग आपटून परत जातो, काही भिंतीतच मुरून उष्णतेत जमा होतो, आणि राहिलेला पलीकडे निघतो. कोणता वाटा किती, हे भिंत कशाची आहे आणि लाट केवढी आहे यावर ठरते. अभियंते इमारतींचे गणित करताना जी सूत्रे वापरतात त्यांवरून आम्ही हिशेब मांडून पाहिला. काँक्रीटच्या भिंतीतून ९०० मेगाहर्ट्झची लाट गेली तर तिचा सुमारे सातवा हिस्सा पलीकडे निघतो. तीच भिंत, पण लाट ३५०० मेगाहर्ट्झची असली, तर ऐंशीवा हिस्सा. साध्या काचेच्या खिडकीतून मात्र याच आखूड लाटेचा निम्म्याहून किंचित अधिक भाग आत येतो. लाकूडही बरेच उदार आहे. भिंत पावसाने भिजली की तिची कंजुषी वाढते, कारण पाणी ही लाट पिते. आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांत दोन-दोन हात जाडीच्या भिंती आहेत. तेथे माजघरात फोन लागत नाही याचे कारण आता निराळे सांगावयास नको. पण त्याच वाड्यातल्या चौकात येऊन उभे राहिले की फोन लागतो. वाडा बांधणाऱ्याने चौक ठेवला तो उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी. त्याच चौकातून ही तिसरी वस्तूही आत उतरते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. आपल्याला वाटते, जुनी दगडी इमारत म्हणजे रेंजला वाईट आणि नवी काचेची इमारत म्हणजे उत्तम. पण हल्लीच्या मोठ्या कचेऱ्यांना जी चकाकणारी काच लावतात, तिच्यावर ऊन आत येऊ नये म्हणून चांदीचा किंवा दुसऱ्या एखाद्या धातूच्या संयुगाचा अतिशय पातळ थर चढविलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही. उजेड त्यातून येतो, उष्णता बरीचशी बाहेर राहते, वातानुकूलनाचे बिल कमी होते. ही चांगलीच सोय झाली. पण अशा काचेतून मोबाइलच्या लाटेचा जेमतेम दोनशेवा ते अडीचशेवा हिस्सा आत येतो. म्हणजे वर सांगितलेल्या काँक्रीटच्या भिंतीहूनही ही आरपार दिसणारी काच जास्त अडवते. समोर टॉवर डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि हातातला फोन मुका! इमारत बांधणाऱ्याने हे मुद्दाम केलेले नसते, हे खरे. पण विजेचे बिल ज्याचे वाचले तो एक आणि ज्याचा फोन लागत नाही तो दुसरा, असे बहुधा असते.

आणि धातू? धातूचा अखंड पत्रा ही लाट जवळजवळ सगळीच परतवितो. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली लंडनला बारा फुटांची एक खोली धातूने मढविली, तिच्या बाहेरून विजेचा जबर भार दिला, आणि स्वतः उपकरणे घेऊन आत बसले. आत त्या विजेचा मागमूस लागला नाही. शीतगृहाच्या भिंती कशाच्या असतात? मधे फेसाचा थर आणि दोन्ही बाजूंना पत्रा. कारागीर त्याला पफ पॅनेल म्हणतात. दाराला चोहोबाजूंनी रबर, म्हणजे फटही नाही. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून जी खोली बांधली, ती आपोआपच फॅरडे यांची खोली झाली. आमचे सभासद अकरा वेळा काय, अकराशे वेळा फोन लावते तरी तो लागला नसता. व्यवस्थापकांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

पण लिफ्टही लोखंडाचीच असते, आणि तिथे कधी कधी फोन लागतो, तो कसा? याचे उत्तर फटीत आहे. लाटेच्या लांबीच्या मानाने भोक फार लहान असेल तर ती त्यातून जात नाही. पण दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत जी लांब चीर असते तिच्यातून काही झिरपते. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या दाराला बारीक भोकांची जाळी असते, ती पाहा. आतली लाट सुमारे १२ सेंटीमीटरची, भोक एखाद-दोन मिलिमीटरचे, ती अडकते. उजेडाची लाट त्या भोकापेक्षा कित्येक पटींनी लहान, म्हणून आतले अन्न आपल्याला दिसते.

तेव्हा रेंज घरात कशी शिरते, या प्रश्नाचे उत्तर असे की, ती काही भिंतीतून झिजून येते, आणि बरीचशी चोरवाटांनी येते. खिडकी, दार, झरोका, जिन्याचा उभा बोगदा, चौक, गच्चीचे दार या तिच्या वाटा. कडेवर आदळली की ती थोडी वळते. समोरच्या इमारतीवर आपटून मागच्या खिडकीने येते. टॉवर ज्या दिशेला आहे त्याच्या उलट खिडकीशी कधी कधी रेंज जास्त मिळते, ती यामुळेच. अशा दहा वाटांनी आलेल्या लाटा खोलीत एकमेकींत मिसळतात. कोठे त्यांची बेरीज होते, कोठे वजाबाकी. म्हणून आपण वीतभर सरकलो तरी आवाज सुधारतो किंवा बिघडतो. फोन हातात धरून खोलीत फेऱ्या मारणाऱ्या माणसाला पाहून घरातली मुले हसतात. पण शास्त्राच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नाही.

आता जरा बारीक, पण महत्त्वाचा मुद्दा. फोन म्हणजे दुतर्फा बोलणे. टॉवरची शक्ती काही दहा वॅटची, पण आपल्या मोबाइलची फोर-जीवर फार तर एक पंचमांश वॅट. टॉवरचे कान फार तिखट असतात आणि तो उंचावर असतो, म्हणून पुष्कळसे जमून जाते; पण आतल्या खोलीत प्रथम धाप लागते ती आपल्या मोबाइलला. वर ज्या दांड्या दिसतात त्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती आला ते सांगतात. आपला आवाज टॉवरपर्यंत गेला की नाही ते सांगत नाहीत. “दोन दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही” असे लोक म्हणतात त्याचे हे एक कारण आहे. वरच्याचा आवाज खाली येतो आणि खालच्याचा वर पोहोचत नाही, हा अनुभव आम्हां युनियनवाल्यांना नवा नाही. पण तो लाटांच्या शास्त्रातही असावा याचे आम्हांला नवल वाटले!

यावरून एका जुन्या वादाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्या वस्तीत टॉवर नको म्हणून अर्ज करणारे आणि घरात रेंज नाही म्हणून तक्रार करणारे पुष्कळदा एकाच गल्लीतले असतात. टॉवर लांब गेला की कानाशी धरलेला मोबाइल पूर्ण जोर लावून ओरडू लागतो आणि त्याची बॅटरी लवकर संपते. टॉवरच्या लाटांची मर्यादा आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली आहे. ती पाळली जाते की नाही हे नागरिकांनी जरूर विचारावे, तपासणी मागावी. पण टॉवर लांब घालविला म्हणजे लाटा टळल्या असे नव्हे, कारण मग जवळचाच मोबाइल अधिक जोराने बोलतो.

मग उपाय काय? विद्येकडे उपाय आहेत. मोठ्या इमारतीत बाहेरच्या लाटेची वाट पाहात न बसता कंपनीची तार सरळ आत आणतात आणि मजल्या-मजल्यावर छताला लहान लहान अँटेना लावतात. इस्पितळांच्या किंवा विमानतळांच्या छतावर बशीएवढ्या पांढऱ्या टोप्या दिसतात, त्यांतल्या काही याच. बोगद्यांत आणि खाणींत एक निराळीच केबल टाकतात. तिच्या वरच्या आवरणाला ठराविक अंतरावर मुद्दाम चिरा ठेवलेल्या असतात, आणि ठिबकच्या नळीतून पाणी झिरपावे तशी तिच्यातून लाट वाटेत झिरपत जाते. घरात तारेचे इंटरनेट असेल तर वाय-फायवरून साधा फोन करण्याची सोय आपल्याकडे डिसेंबर २०१९ पासून आहे; माजघरात बसणाऱ्यांना ती उपयोगी पडते. मात्र बाजारात जे स्वस्त बूस्टर मिळतात त्यांच्या नादी लागू नये. परवानगीवाचून ते बसविणे बेकायदेशीर आहे. आणि कायद्याचे सोडले तरी, ते हाकेबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरच्या कानात ओततात. एका घराचा फोन सुधारतो आणि आळीचा बिघडतो.

विद्या आहे, यंत्रे आहेत, मग अडते कोठे? अडते ते ‘कोणी करावयाचे आणि कोणी पैसे द्यावयाचे’ या ठिकाणी. मुंबईतील भुयारी मेट्रो, तिसऱ्या क्रमांकाची, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. त्या वेळी भुयारात अनेक उतारूंचे फोन मुके होते. जमिनीखाली लाट नेण्याची विद्या नव्हती म्हणून तसे झाले नव्हते. भुयारातली व्यवस्था कोणी उभारावी आणि तिचे भाडे किती असावे, यावर मेट्रोवाल्यांचा व मोबाइल कंपन्यांचा वाद चालला होता. एवढे मोठे भुयार खोदणारे लोक एका केबलीपाशी अडले.

हा प्रश्न सोयीचा वाटतो, पण तो जिवाचा होऊ शकतो. याचा सगळ्यांत दुःखद दाखला न्यूयॉर्कचा आहे, आणि तो मोबाइलचा नसून अग्निशामकांच्या हातातल्या बिनतारी यंत्राचा आहे. लाट मात्र त्याच जातीची. तेथल्या जागतिक व्यापार केंद्रात १९९३ साली बाँबस्फोट झाला, तेव्हा उंच मनोऱ्यात या यंत्रांचा आवाज नीट पोहोचत नाही असे आढळले. म्हणून आवाज झेलून जोराने पुढे देणारे एक यंत्र तेथे बसविले गेले. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी उत्तर मनोऱ्याच्या तळाशी अधिकाऱ्यांनी ते चालू करून पाहिले. त्याला दोन बटणे दाबावी लागत. एक दाबले गेले, दुसरे राहिले. यंत्र बिघडले आहे असे समजून त्या मनोऱ्यात ते वापरलेच नाही. पुढे दक्षिण मनोरा कोसळला, उत्तरेतून सर्वांनी बाहेर पडावे असा हुकूम सुटला, आणि वर चढलेल्या अनेक अग्निशामकांना तो ऐकूच आला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण गेले. ते सगळे याच एका कारणाने गेले असे आम्ही म्हणणार नाही. चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात इतरही पुष्कळ कारणे नोंदविली आहेत. पण जिन्यावर असलेल्या कामगाराला, होय, अग्निशामक हाही कामगारच, त्याला ‘परत फीर’ ही हाक मिळण्याचा हक्क होता. पुढे २००९ साली अमेरिकेत प्रचारात असलेल्या आदर्श अग्निसंहितेत अशी अट आली की, अग्निशामकांच्या बिनतारीचा आवाज इमारतीच्या आत पोहोचला पाहिजे, आणि तो पोहोचविण्याची जबाबदारी इमारतीकडे राहील.

श्रोतेहो, आम्हांला जे सांगावयाचे आहे ते येथे येऊन मिळते. लाट कोणाशी दुजाभाव करीत नाही. ती दारापर्यंत सर्वांसाठी सारखीच येते. पुढे ती कोणापर्यंत पोहोचेल हे भिंत ठरविते, आणि भिंत कोणीतरी माणूस बांधतो. तळमजल्याच्या दर्शनी खोलीत व्यवस्थापक बसतात, तेथे खिडकी असते. तळघरात गाड्या लावणारा, लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा, शीतगृहात खोकी मोजणारा, इस्पितळाच्या तळाशी कपडे धुणारा, यांच्याकडे खिडकी नसते. आमच्याकडे एक तक्रार आली होती. एका इमारतीच्या तळघरातल्या सफाई कामगार भगिनींना हजेरी मोबाइलवरून लावण्याची सक्ती झाली. तळघरात रेंज नाही. हजेरी वर जाईना. आणि महिनाअखेर अर्ध्या दिवसाचा पगार कापलेला. “भाऊ, आम्ही कामावर होतो हे फरशीला विचारा,” असे एक बाई म्हणाल्या. आम्ही फरशीला विचारले नाही. व्यवस्थापकांना हात धरून तळघरात नेले आणि त्यांचा स्वतःचा फोन लावावयास सांगितला. कापलेला पगार पुढच्या महिन्यात मिळाला.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्याने भिंत बांधली त्याने हाकेला वाट ठेवावी. पाण्याच्या नळाची आणि विजेच्या तारेची जागा जशी नकाशातच धरतात, तशी हीही धरावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना आतल्या जोडणीवरून तारे देण्याचे नियम केले, ही चांगली सुरुवात आहे. आमची मागणी एवढीच की, तारे मोजताना मोजणाऱ्याने दिवाणखान्यात बसून मोजू नये. तळघरात उतरावे, जिन्यात उभे राहावे, लिफ्टचे दार लावून घ्यावे. आपणही घर किंवा गाळा घेताना नळ सोडून पाहता, तसे दारे-खिडक्या लावून आतल्या खोलीतून एक फोन लावून पाहा.

आणि जेथे लाट नेता येत नाही तेथे तार न्यावी. लिफ्टमध्ये चालू स्थितीतली घंटा असलीच पाहिजे. संकटात ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या रेंजवरून लागू शकतो, हे सर्वांनी लक्षात ठेवावे; पण धातूच्या बंद खोलीत एकाही कंपनीची लाट शिरत नाही, तेथे ११२ ही लागत नाही. तेथे मोबाइलवर भिस्त ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

त्या शीतगृहाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. आम्ही दुसऱ्यांदा व्यवस्थापकांकडे गेलो तेव्हा बरोबर कागद नेला नाही. त्यांना त्याच खोलीत नेले, मूठ दुरुस्त झाली होती म्हणून निर्धास्तपणे दार लावून घेतले, आणि म्हणालो, “साहेब, आता आपल्या मोबाइलवरून बाहेर बोलावा कोणालाही.” त्यांनी मोबाइल काढला, डोक्यावर धरला, दाराशी नेला, कोपऱ्यात नेला. दोन मिनिटांनी त्यांनी तो खिशात ठेवला. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांत प्रत्येक खोलीत आतल्या बाजूला, हात पोहोचेल इतक्या उंचीवर एक लाल बटण बसले, आणि त्याची तार बाहेर पहारेकऱ्याच्या टेबलावरच्या घंटेला जोडली गेली. दर सोमवारी सकाळी पाळी सुरू होताना प्रत्येक बटण दाबून पाहावयाचे, असाही ठराव झाला. हे काम त्या सभासदांनीच मागून घेतले आहे. मोबाइलच्या मानाने ती घंटा अगदीच जुन्या काळची, पण पत्र्याच्या आतून तिची हाक बाहेर जाते.

आपण येथे उघड्या मंडपात बसला आहात. अध्यक्षांनी आरंभी मोबाइल बंद ठेवण्याची विनंती केली, आणि आपण ती पाळलीत याबद्दल आभारी आहोत. आता ते चालू करावयास हरकत नाही. घरी गेल्यावर मात्र एकदा आतल्या खोलीत, एकदा जिन्याखाली आणि एकदा आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन रेंज पाहा. जेथे ती नसेल तेथे रोज कोण बसते, हेही पाहून ठेवा.